व्रेनीचा झगा

— बुरुजाचा फोटो निघाला ना? मग झालं. आता पुलाचा काढा, सगळे काढतात. पलीकडं स्वित्झर्लंड, अलीकडं आम्ही जर्मन, गाव मात्र एकच — कुणा राजेलोकांनी नकाशावर रेघ मारली, ती नेमकी आमच्या नदीतून गेली. दोनशे वर्षं झाली, भांडणं अजून एकत्रच चालतात. काय म्हणता? लाकडी मुखवटे? दुकानातले होय — ते पाहुण्यांसाठी. आमचे घरात असतात, आजीकडून नातीकडं.

सांगते. उपासाचा महिना लागायच्या आधी सणाचे दिवस असतात. तेव्हा आम्ही बायका मुखवटा चढवायचो, आवाज बारीक करायचो — असा, चिमणीसारखा — आणि खानावळीत शिरून ज्याला त्याला तोंडावर सुनवायचो. पाद्र्याला म्हणायचं, तुमचं प्रवचन ऐकून माझी कोंबडी अंडं द्यायची विसरली. त्यानं हसून घ्यायचं, रागवायचं नाही. नियम दोनच. बोलायचं ते खरं बोलायचं. आणि मुखवट्याआड कोण होतं हे कुणी कधी सांगायचं नाही — नवऱ्याला नाही, चर्चमध्ये कबुली देतानासुद्धा नाही.

मी दुसरा नियम पाळला. बावन्न वर्षं पाळला.

त्या वर्षी मुखवट्याबरोबर घालायचा माझा झगा धुतलेला वाळला नव्हता, म्हणून व्रेनीनं तिचा दिला. व्रेनी म्हणजे पलीकडच्या बेकरीवाल्याची थोरली, माझी जिवाची मैत्रीण. चिंध्या जोडून केलेला झगा, खांद्यावर हिरवं ठिगळ, घरच्यांनी लांबूनही ओळखावा असा. तो घालून मी गेले. खानावळीत तिची धाकटी बहीण लिसबेत बसलेली, शेजारी ऑयगन, आमच्या बाजूचा. ईस्टरला दोघांचं लग्न ठरलेलं. मी तिच्यासमोर उभी राहिले नि म्हणाले, सगळ्यांच्या देखत — अगं, हा पूल ओलांडून तुझ्यासाठी येतो वाटतं तुला? तुझ्या बापाच्या भट्टीसाठी येतो हा. कालच म्हणत होता, पोरगी चालवून घेईन, भट्टी झकास आहे.

लोक हसले. ऑयगन लालेलाल झाला, पण एक शब्द बोलला नाही — होताच तसा, मुखदुर्बळ. लिसबेतनं ते लाल होणं पाहिलं आणि तिला तेवढं पुरलं. ईस्टर आला नि गेला. पुढं तिनं लग्नच केलं नाही.

तो खरंच तसं म्हणाला होता का? म्हणाला असेल. पुरुष म्हणतात असलं — नाही. नव्हता म्हणाला. माझ्याशी तो कधी धड बोललाच नाही, तेच तर — जाऊ दे. ऊन बरं पडलंय आज.

लिसबेतनं झगा ओळखला. सख्ख्या बहिणीनं माझं लग्न मोडलं, म्हणून तिनं व्रेनीशी बोलणं टाकलं ते आजतागायत. आणि व्रेनी? झगा कुणाच्या अंगावर होता ते तिला ठाऊक. एकदाच आली, झगा न्यायला. घडी घालत म्हणाली, "खरं होतं ना गं ते?" मी म्हणाले, हो. बस, तिनं जन्मात तोंड उघडलं नाही. नियम म्हणजे नियम.

आता ती त्या चढावरच्या पिवळ्या घरात असते, म्हाताऱ्यांच्या. परवा भेटले. तिथली नर्स म्हणाली, आठवडा काढला तर काढला. तिला एकच हवंय, लिसबेत. मी निरोप पोचवला, तर लिसबेत म्हणते, "जिनं माझं लग्न होऊ दिलं नाही तिच्या उशाशी बसू? तू भोळी आहेस." मला म्हणाली, भोळी. दर बुधवारी पूल ओलांडून येते ती, जर्दाळूचा केक घेऊन. माझ्याकडं येते हां. बहिणीच्या दारावरून.

ती बघा, निळ्या कोटातली, काठी टेकत. पुलाच्या मध्यावर थांबेल जरा, दम लागतो तिला. स्वभावानं फार गोड. तुम्हाला केक देईल, कुठून आलात विचारेल, मग आपण तिघी हवापाण्याचं बोलू, तास जाईल, तिची औषधाची वेळ होईल नि सांगायचं ते राहूनच जाईल — मागच्या बुधवारी असंच झालं. तेव्हा एक डच जोडपं होतं इथं. मीच बसवून घेतलं होतं त्यांना.

उठा बाई तुम्ही. नाही, रागावले नाही मी. उठा, आणि त्या खालच्या वाटेनं जा. वाटेत ती भेटली तर नमस्कारसुद्धा करू नका, लगेच बोलायला उभी राहते ती.