डबल गादी

गाद्यांच्या दुकानात पैसे भरायच्या रांगेत माझ्यापुढे एक आई आणि तिचा चाळिशीचा मुलगा उभे होते.

"आई, एकटीला डबल गादी कशाला?"

"मधोमध झोपायला. आडवी, तिरपी, कशीही. लहानपणी बहिणींच्या गर्दीत भिंतीला चिकटून झोपले. लग्नानंतर तुझे बाबा घोरायचे, म्हणून कडेला. ते गेल्यापासून तुझी लेक लाथा मारते."

"तिला आम्ही आमच्या खोलीत झोपवतो. तेवढ्यासाठी घर सोडून भाड्याच्या खोलीत जायचं?"

"तेवढ्यासाठी नाही रे. रिटायर झाले, हातपाय धड आहेत. एकदा तरी आपल्या घराची किल्ली आपल्याच पर्समध्ये असावी, असं वाटलं."

"खरं सांग, हिचं काही बोलणं लागलं का तुला?"

"खोली सूनबाईनंच शोधलीय."

"काय? आणि मला कुणी सांगितलंच नाही?"

"तू रडला असतास."

"मी कशाला रडेन?"

"मग हे काय चाललंय? डोळे पूस, लोक बघतायत."

मग दोघांनाही हसू आवरेना. गल्ल्यावरचा माणूसही हसला.

"बरं, रविवारी आम्ही जेवायला येऊ?"

"या की. पण आधी फोन कर. मी घरी असेनच असं नाही."