रामदासभाऊंचं क्रेट

आजच्या या घरगुती समारंभाचे अध्यक्ष, आपल्या मीनाकाठ फुटबॉल क्लबचा सगळा भार खांद्यावर घेणारे आदरणीय भिमाजीअण्णा; व्यासपीठावर फेटा सावरत बसलेले सत्कारमूर्ती रामदासभाऊ; मैदानाच्या कडेला इतकी वर्षं आपल्याला चहा पाजणाऱ्या आणि आज पहिल्यांदाच स्वतः खुर्चीवर बसून चहा घेतलेल्या कुशावहिनी; क्लबचे खेळाडू, नारायणगावचे व्यापारी बांधव, माता-भगिनी; आणि अगदी शेवटच्या रांगेत, दाराजवळची खुर्ची धरून बसलेले आपले माजी मॅनेजर महंमद हनीफभाई. हनीफभाई, तुम्ही आलात, फार बरं वाटलं. ते दार लावून घ्या रे कुणीतरी, वारा येतोय.

मी चांगदेव, टोमॅटोचा आडतदार. माईक हातात आला की माझा आवाज आपोआप लिलावाच्या पट्टीत जातो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. अण्णांनी बजावलंय की थोडक्यात आवर. प्रयत्न करतो.

सकाळी बाजारात मला एका पाहुण्यांनी विचारलं, "चांगदेवशेठ, रामदासभाऊंना निरोप कसला? माणूस गावात हाय, रान गावात हाय. निघालाय कुठं?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर असं, की रामदासभाऊ आजपासून क्रेट गॅलरीतून निघाले.

आपल्या मैदानाला पायऱ्या नाहीत, मांडव नाही. माझ्या आडतीवरची रिकामी टोमॅटोची क्रेटं नेऊन उलटी टाकायची आणि त्यावर बसून सामना बघायचा, ही आपली गॅलरी. तिचा कायदा एकच. क्रेटवर बसलेल्यानं वाटेल ते ओरडावं. मात्र संघाचं काम ज्यानं हाती घेतलं, त्यानं क्रेट सोडावं. गेल्या आठवड्यात कमिटीनं रामदासभाऊंना क्लबचं मॅनेजर केलं. इतकी वर्षं जो माणूस प्रत्येक मॅनेजरवर सगळ्यात मोठ्यानं ओरडला, त्यालाच अण्णांनी त्या जागेवर नेऊन बसवलं! अण्णा, तुमच्या डोक्याला खरंच तोड नाही.

आता माझ्यासमोर अडचण अशी आहे, की रामदासभाऊंचं कौतुक करायचं तर आपल्या भांडणाबद्दल बोलावं लागतं. मॅनेजर चांगला की वाईट, हे ठरवायचं कशावरून? या एका प्रश्नावर आपण गॅलरीत जेवढे भांडलो, तेवढं भावकीत बांधावरून तरी कुणी भांडलं असेल का? बँकेत नोकरीला असलेला आपला आदेश मोबाईलमध्ये आकडे बघून सांगायचा, "चेंडू आपल्याकडं जास्त वेळ व्हता, पासबी आपलेच जास्त. मॅनेजर चांगलाय." त्यावर रामदासभाऊ मान न वळवता म्हणायचे, "पास घरी घेऊन जा. कप कुठाय?"

कप कुठाय! दोन शब्दांत निकाल. पण त्यात रामदासभाऊंचा दोष नाही, राव. ते मूळचे बैलगाडामालक. शर्यतीच्या घाटात जो पहिला, तो राजा. दुसरा कोण आला, हे मांडव काढायच्या आत लोक विसरतात. तीच नजर घेऊन ते फुटबॉलला आले, आणि खरं सांगायचं तर आपण बहुतेक जण तीच नजर घेऊन आलो. मॅनेजर म्हणजे आपल्याला गाडामालकच वाटला.

आणि अशा आपल्या गावाला मॅनेजर मिळाले हनीफभाई. जुन्नरला गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान. संध्याकाळी शटर ओढायचं, चेंडूंची पिशवी घेऊन जीपमध्ये बसायचं आणि इथं उतरायचं. चेंडूची शिवण उसवली तर स्वतः शिवायचे. पोरगं सरावाला आलं नाही तर त्याच्या घरी जाऊन ओट्यावर बसायचे, कारण कळेपर्यंत उठायचे नाहीत. कप मात्र एकही नाही. रामदासभाऊंनी हे त्यांना दर रविवारी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

मग पारगावची फायनल आली. बरोबरीचा सामना, वेळ थोडा उरलेला, आणि आपला सूरज, म्हणजे कुशावहिनींचा मुलगा आणि रामदासभाऊंचा सख्खा पुतण्या, त्या दिवशी कुणाला आवरत नव्हता. हेडरला उडी मारली आणि समोरच्या पोराच्या डोक्यावर डोकं आपटलं. खाली पडला, उठला, कपडे झटकले, "काय न्हाई झालं," म्हणाला. आपण टाळ्या वाजवल्या. हनीफभाई आत गेले आणि त्याच्या कानाशी फक्त एवढंच बोलले, "बेटा, आज कुणाशी खेळतोय आपण?" सूरजनं सेमीफायनलच्या संघाचं नाव सांगितलं. हनीफभाईंनी त्याचा दंड धरला आणि बाहेर आणलं.

त्यानंतर क्रेट गॅलरीत जे झालं, ते मी माता-भगिनींसमोर सांगणार नाही. रामदासभाऊंनी स्वतःच्या क्रेटला लाथ मारली, ते चिरलं. "नंबरात आलेली गाडी कुणी सोडतं का रं?" असं ओरडले. आपण हरलो. सूरजला रात्री उलट्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, याच डोक्याला आणखी एक मार बसला असता तर मी काही सांगू शकलो नसतो. हे सगळ्या गावाला कळलं. तरी क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चर्चा कसली चालली होती? हनीफभाईंनी फायनल घालवली की नाही याची! दोन दिवसांनी चेंडूंची पिशवी आणि शिट्टी जीपवाल्याच्या हाती आली. माणूस आला नाही. त्यांना शाल नाही, नारळ नाही, निरोपाचे दोन शब्द नाहीत. आज कबूल करायला कुणाची हरकत नसावी, की ही आपल्या क्लबला न शोभणारी गोष्ट झाली. अण्णा, तुम्ही मान हलवताय, म्हणजे ही गोष्ट इतिवृत्तात गेली असं मी समजतो.

हे भांडण मिटवलं कुशावहिनींनी. एका संध्याकाळी चहाच्या गाड्यापाशी रामदासभाऊ पुन्हा तेच बोलत होते. वहिनी लाजतायत, पण मी सांगणारच. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "भावजी, तुमचा पाखऱ्या बैल आठवतोय का? फायनलची बारी तुमची व्हती. जुंपायच्या टायमाला त्यानं दुखावल्यागत मागचा पाय हलका टेकला, आन् तुमी सरळ सोडून घरी आणला. तवा कुणी म्हणलं का, नंबर घालवला म्हणून? माईकवरून तुमचं नाव घेतलं, गावानं फेटा बांधला. मुक्या जनावरासाठी तुमाला फेटा, आन् माझ्या पोरासाठी हनीफभाईंना शिव्या?"

मी तिथं उभा होतो. रामदासभाऊ चहा अर्धा टाकून निघून गेले. आणि ज्यांना रामदासभाऊ ठाऊक आहेत, त्यांना हेही ठाऊक आहे की हा माणूस एकवेळ सबंध तालुक्याशी भांडेल, पण 'चुकलं' हा शब्द त्याच्या घशातून बाहेर येत नाही. खरं की नाही, भाऊ? बघा, हसतायत पण हो म्हणत नाहीत.

तर मग त्यांनी काय केलं? कमिटीनं मॅनेजरपद देऊ केल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी ते चिरलेलं क्रेट उचललं, जीपमध्ये घातलं आणि जुन्नरला हनीफभाईंच्या दुकानात जाऊन उभे राहिले. म्हणाले, "याला वरून रेक्झिनची गादी शिवायची." हनीफभाईंनी टेप काढली. विचारलं, "बसनेवाला केवढा हाय भाऊ? फोम त्याच्यावर ठरतो." रामदासभाऊ म्हणाले, "तुमच्याएवढाच हाय." हनीफभाईंनी चिरलेली बाजू तारेनं आवळली, वर गादी बसवली आणि विचारलं, "पण आता तुमी तर मॅनेजर. मग बसनार कोण?" "नवीन माणूस येतोय," एवढंच सांगून रामदासभाऊ तिथून सटकले. हे मला रामदासभाऊंनीच परतताना आडतीवर थांबून सांगितलं आणि कुणाला सांगू नको म्हणाले. मी आजपर्यंत सांगितलं नव्हतं.

मंडळी, मॅनेजर कशावरून जोखायचा, यावर माझं मत विचाराल तर मी ठणकावून सांगतो. कप मोजा, जरूर मोजा. अण्णांनी ऑफिसात काचेचं कपाट करून ठेवलंय, ते भरलंच पाहिजे, आणि रामदासभाऊ ते भरतील याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ज्या दिवशी कप हाताच्या अंतरावर होता, त्या दिवशी मैदानावरच्या पोराकडं कुणाचं लक्ष होतं, हे आधी बघा. त्या दिवशी पारगावला ते एकाच माणसाचं होतं. तो माणूस मॅनेजर म्हणून यशस्वी होता, असं मी आज या माईकवरून जाहीर करतो. ज्याला वाद घालायचा असेल त्यानं उद्या आडतीवर यावं, मी मोकळाच आहे.

रामदासभाऊ, आता तुमच्यावरचा भार हनीफभाईंवर होता त्यापेक्षा जड आहे, कारण बाहेरून ओरडणारे आम्ही सगळे तुमचेच चेले. मैदानावर उभं राहिल्यावर तुम्हाला हवा तो डाव मांडा. आमची एकच विनंती आहे, की कधी सूरजसारखं पोर तुमच्यासमोर पाय हलका टेकेल, तेव्हा मागे वळून आमच्याकडं बघू नका.

अध्यक्षांनी मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलंत, मंगल कार्यालयाच्या मालकांनी हॉल दिला, या सगळ्यांचे मनापासून आभार. लिलावाच्या सवयीनं कुणाचा भाव चढा-उतरा बोललो असेन, तर त्याला मोठ्या मनानं क्षमा असावी.

सूरज, आता ते क्रेट आण बाळा. असं इकडं नाही, मागे, शेवटच्या रांगेत घेऊन जा. हनीफभाई, शिवण ओळखीची वाटते ना? उठू नका, दार लावलेलं आहे. नवीन माणूस तुम्हीच. गॅलरीतली रामदासभाऊंची जागा त्यांनी तुमच्यासाठी ठेवलीय, आणि त्यांना याहून जास्त बोलता येत नाही, एवढं समजून घ्या. जरा बसून तर बघा.

बसले. अण्णा, बसले बघा! थांबा, टाळ्या थांबवा, ते काहीतरी म्हणतायत. काय हनीफभाई? जरा मोठ्यानं, व्यासपीठापर्यंत येऊ द्या.

"रामदासभाऊ, कप कुठाय?"

ऐकलंत ना, भाऊ? डोळे नंतर पुसा. लागा कामाला. धन्यवाद.