इंचभर बाहेरून

नाही, सही मी करणार नाही — आणि तो खोका आत आणू नका, पायरीखालीच राहू द्या. नाव कुणाचं आहे त्याच्यावर? यांचं ना? मग यांनाच शोधा. मी त्यांची बायको आहे, गोदामवाली नाही. ओटीपी? तो त्यांच्या मोबाइलवर गेला असेल, मला काय विचारता? लावा की फोन. उचलणार नाहीत, सांगून ठेवते. साहेबांना भेटायला गेलेत आज, फोन खिशात वाजत बसेल आणि हे भिंतीकडे बघत बसतील. परत लावा. तुम्ही उभे राहा नाहीतर बसा, पण दारातून जरा बाजूला व्हा — मशीनवरचा उजेड अडतोय, आणि मला हे शर्ट संध्याकाळपर्यंत द्यायचेत.

काय आहे त्यात, मला विचारा ना. गाडीचंच काहीतरी. ती बघा, शेडखाली — मागच्या दोन्ही चाकांवर भगदाडं पडलेली, तीच. चांगली धडधाकट गाडी होती. शिवलेल्या कपड्यांची गाठोडी घालून मी सगळी दुकानं करायचे तिच्यातून. आता मांडीवर गाठोडं घेऊन बसनं जाते, आणि शेजारची बाई अशी बघते की जणू मी तिच्याच मांडीवर बसलेय. का? तर यांना रुंद टायर हवे होते. वय बघा आणि हौस बघा. टायर आले, ते आत मावेनात — मग चाकांवरून बसवायच्या काळ्या कमानी मागवल्या, असाच एक खोका आला, तुम्हीच आणला असेल — आणि कमानी बसवायच्या तर खालचा पत्रा कापायला हवा. म्हटलं, गॅरेजमध्ये न्या. नाही. घरी कापणार. भाड्यानं ग्राइंडर आणला, रविवारी सकाळी सुरू केला — आळीतली कुत्रीसुद्धा पळाली. काचा झाकायचं सुचलं नाही, ठिणग्या सगळ्या काचांवर. बोट फिरवून बघा, अजून खरखरीत लागेल, लोखंडाचे कण रुतून बसलेत. आणि एवढा उपद्व्याप करून कमान लावायला गेले, तर स्क्रूच्या भोकांखाली पत्राच नाही. पत्रा इंचभर जास्त गेलेला. स्क्रू काय हवेत मारणार?

बोलले ना, सगळे बोलले. मीच फोन केला थोरल्या दिरांना, त्याच दुपारी. म्हटलं, या आणि बघा तुमच्या भावाचे पराक्रम. आले, नणंदेलाही घेऊन आले. आमचे हे लिफ्ट दुरुस्त करतात — सत्तावीस वर्षं, तिथं सुताचा फरक चालत नाही — आणि दीर अंगणात उभे राहून चारचौघांत म्हणाले, तुझा हात हलायला लागलाय, उद्या लिफ्ट पाडशील, माणसं मारशील. आणि हे? मान खाली घालून पत्र्याचे तुकडे गोळा करत होते.

त्यानंतर आता रोज सकाळी काठोकाठ भरलेला पेला हातात धरून उभे राहतात, पाणी सांडतं का बघायला. नाही सांडत. एक थेंब नाही. डोळे तपासून आले, हाताच्या डॉक्टरकडे जाऊन आले, दोघंही म्हणाले काही नाही झालेलं. तरी आज लिहून द्यायला गेलेत — लिफ्टचं काम नको, स्टोअरमध्ये बसवा. स्टोअरमध्ये. तिथं बसून नटबोल्ट मोजणार. तो माणूस, जो बंद पडलेली लिफ्ट नुसत्या आवाजावरून ओळखतो.

लागतोय का? नाही ना, म्हटलं नव्हतं? थांबा थोडं, परत लावा.

काय म्हणालात? रेष कुणी आखली होती? तुम्हाला कशाला हव्यात चौकश्या, खोके पोचवायचं काम तुमचं. रेष नव्हती, कागद होता. खाकी कागद, कमानीवरून बेतून कापलेला, तोच पत्र्यावर चिकटवून त्याच्या कडेनं कापलं. हो, मी बेतला. मग? घरात टेलर असताना कागद बेतायला दुसरीकडे जायचं का? तीस वर्षं माणसांना मापाचं घालतेय मी, माझ्या कात्रीला कुणी — ऐका, कापड कापताना रेषेच्या बाहेर इंचभर सोडायचं असतं, शिलाईला. हाताला सवयच ती, डोळे मिटून होतं. पण कापडात आपल्याला हवं ते आतलं असतं, बाहेरच्या चिंध्या. पत्र्यात उलटं. आतलं फेकायचं, बाहेर उरते ती गाडी. इंचभर बाहेरून बेतलं की भोकच इंचभर मोठं. हे मला कोण सांगणार होतं? आणि वर मीच म्हटलं, एक बाजू लावून बघत बसू नका, दोन्ही एकदम कापा, नाहीतर डावं-उजवं कमीजास्त होतं. बाह्या आम्ही तशाच कापतो. यांनी ऐकलं. माझं ऐकतात, तेच चुकतं त्यांचं.

असं बघू नका माझ्याकडे. मला तेव्हा कुठं माहीत होतं? दीर गेल्यावर कागद उचलला, पट्टी लावली, तेव्हा कळलं. दोन दिवस शोधत होते हे तो कागद — कपाटाखाली, गाडीच्या डिकीत, कचऱ्याच्या डब्यात हात घालून — म्हणाले, माझा हात कुठं घसरला ते बघायचंय. मी म्हटलं, तुम्हीच टाकला असेल कुठंतरी. चिंध्यांच्या पोत्यात आहे. तळाशी. सांगणार होते मी. पण सगळ्या आळीला बोलावून नवऱ्याची शोभा केल्यावर सांगणार कसं, तुम्हीच सांगा. एक दिवस गेला, मग दुसरा, मग तो पेला सुरू झाला. तो पेला बघून तर माझी जीभच उचलेना. वाईट आहे मी, माहीत आहे. तुम्ही सांगायची गरज नाही.

काय लिहिलंय खोक्यावर? वाचा. जादा रुंद कमानी? म्हणजे माझं भोक झाकायला — आणि समजतात काय, तर स्वतःची चूक झाकतोय.

उचलला? द्या इकडे. तुमचा ओटीपी नंतर, द्या म्हटलं ना.

अहो, मी बोलतेय. कुरियरवाल्याच्या फोनवरून, ते सोडा. तो अर्ज दिलात का? खिशातच आहे ना? मग तिथंच राहू द्या, आत जाऊ नका. कागद माझ्याकडे आहे. माझं माप चुकलं होतं, मी इंचभर बाहेरून बेतलं, आणि कळल्यावर लपवला. तुमचा हात केसभर हलला नाही. मी सांगते दिरांना, नणंदेला, सगळ्यांना बोलावून सांगते, तुम्ही फक्त घरी या. ऐकताय ना? अहो. बोला की काहीतरी. शिव्या द्या.

तुम्ही काय कान लावून उभे आहात? फाटकाबाहेर जाऊन थांबा. फोन तुमचा आहे, कळतंय मला. ते बोलेपर्यंत मिळणार नाही. जा.