दाजींच्या ट्रकाचा काटा

मी मूळचा पलूसचा. शेती थोडी, भावंडं लय, म्हणून मिल्ट्रीत गेलो, तितं गाड्यांच्या वर्कशॉपात हात बसला, आन परत येऊन गावातच पत्र्याचं ग्यारेज टाकलं. थोरली अक्का पाटणला दिल्याली. तिचं मालक, आमचं दाजी, त्यांच्याकडं मिल्ट्रीच्या लिलावातला जुना ट्रक हुता. लय जपायचं बगा त्याला.

पण त्याचा पाण्याच्या गरमीचा काटा खोटा. सकाळी इंजन गार, तरी काटा निम्म्याच्या वर. दाजी घाटात सारखं थांबायचं, बघायचं तर पाणी कोमट. काय सांगू तुमाला, पार वैतागलं हुतं.

भात्तरच्या दुष्काळाच्या पुढल्या साली खंडेनवमीला दोघं आली, ट्रकाला हार घातला, आन दाजी म्हणालं, एवढा काटा नीट कर रं, आजच चिपळूणला बटाटा पोचवायचाय. रीत मला ठावं हुती. इंजनातली गरमी मोजायची कांडी काढायची, उकळत्या पाण्यात बुडवायची, काटा कुठं जातोय बघायचं. पण नट खोलायचं पानं सगळं पुजल्यालं, हळदीकुंकू लावल्यालं, आन आमच्यात पुजल्यालं हत्यार दसऱ्यापातुर उचलत न्हाईत. मग मी काय केलं, अक्काच्या केसातली पिन घेतली, काट्यावरची काच उचकटली, आन गार इंजनावरच काटा हातानं खाली सरकवला. झालं म्हणालो. दाजी खूश.

पाटणच्या वर घाटात गाडी वढंना झाली. दाजींनी बघितलं, काटा निम्म्याला. पाणी उकळलं न्हाई म्हणून वाट न बघता रेडिएटरचं झाकण उघडलं, आन सगळी वाफ तोंडावर. दोनी डोळं गेलं. कऱ्हाडच्या दवाखान्यात पट्ट्या बांधून पडल्यालं, तवा अक्का म्हणाली, ह्यांची घाई नडली.

दसऱ्यानंतर मी पानं घेतलं, कांडी काढून आधणात धरली. पाणी खदाखदा उकळतंय आन काटा मधीच, मी सरकवला तेवढाच खाली. गार असताना चुकत हुता, उकळीला बरोबर हुता त्यो, मी हात लावला आन तिथंच चुकवला. ट्रक इकला, पण त्यो काटा माझ्या डोळ्यापुढनं हालत न्हाई. चुलीवर झाकण थडथडलं की मी भाईर जातो. बायकू इचारती काय झालं, मी म्हणतो धूर लागतोय.

औंदा न ऱ्हावून दाजींचं पाय धरलं, सगळं सांगितलं. ते म्हणालं, मला पयल्यापासनं ठावं हाय. पर अक्काला सांगू नगंस. तिला माहेर एवढं एकच हाय.

आता अक्का अजून दाजींच्या घाईला बोलती, ते मान खाली घालून ऐकून घेत्यात. भाऊबीजेला ती मला ओवाळती, शंभर वर्सं जग म्हणती, आन दाजी शेजारीच बसल्यालं असत्यात. जगायचं, दुसरं काय.