मामाच्या तोंडावर उजेड

मामी : मी सांगून पाहिलं गं. तुझे मामा गाडीतून उतरायलाच तयार नाहीत. काच वर करून बसलेत.

भाची : मामी, आकाशात निळं आहे तोवरच माझं शूटिंग होणार. ते गेलं की आजचा दिवस फुकट.

मामी : पण सीन रात्रीचा ना? मग रात्रीच घे की निवांत.

भाची : मोठ्या सिनेमावाल्यांकडे ट्रकभर दिवे असतात, गल्लीच्या गल्ली उजळतात ते. माझ्याकडे हा एक, बॅटरीवरचा. पुरतं काळं झालं की याच्याच्यानं काही होत नाही. म्हणून दिवस मावळता मावळता रात्र उरकायची. रस्त्यावर पाणी मारलंय, ते चमकेल. मामा उभा राहील तिथं खडूची खूण केलीय, दिवा तिच्या मागे ठेवलाय, म्हणजे त्याच्या खांद्यांना, केसांना उजेडाची कड येते आणि माणूस भिंतीत मिसळून जात नाही.

मामी : आणि तोंड?

भाची : तोंड अंधारात.

मामी : तेच तर झोंबलंय. काल तू कॅमेऱ्याच्या त्या छोट्या पडद्यावर दाखवलंस ना त्यांना, घरी येऊन धड जेवले नाहीत.

भाची : मामा! काच खाली कर ना.

मामा : ऐकू येतंय सगळं. ही काच पुरती वर जातच नाही.

भाची : मग उतर. वेळ चाललाय.

मामा : माझा हा कोट दुसऱ्या कुणाला तरी घाल आणि कर उभा. खांदेच तर दाखवायचेत.

भाची : असं काय करतोस? बाप इतक्या वर्षांनी परत आलाय, रस्त्यापलीकडून स्वतःचं घर बघतोय. सिनेमातला सगळ्यात मोठा सीन आहे तुझा.

मामा : घर कुठंय? समोर गोदामाची भिंत आहे.

भाची : घराचा शॉट वेगळा घेतलाय. नंतर जोडेन मी.

मामा : चिमे, उभी हयात सिनेमात गर्दीत काढली मी. मोर्चात मी, बाजारात मी, प्रेतामागे मी. हिला थिएटरात न्यायचो आणि सांगायचो, तो बघ, डावीकडून चौथा. ही म्हणायची, दिसलात दिसलात.

मामी : दिसायचात की.

मामा : एकदा मी चुकून भलताच माणूस दाखवला. तरी ही म्हणाली, छान दिसताय.

मामी : त्या काळोखात मला काय कळतंय!

मामा : आता खरं सांग, चिमे. दिवा एकच आहे म्हणून, की माझं तोंडच नकोय तुला?

भाची : दिवा एकच आहे.

मामा : चिमे.

भाची : दोन्ही. पांढरा थर्माकोल आणला होता मी. मागचा उजेड त्याच्यावर घेऊन तुझ्या तोंडावर परतवता आला असता. काल वाऱ्यानं मोडला, आणि खोटं कशाला बोलू, मला हायसं वाटलं. तू भुवया फार उडवतोस मामा. मागच्या रांगेतून कुणाला तरी दिसावं म्हणून सवय लागलीय तुला. पण जवळून घेतलं की…

मामा : लोक हसतील.

भाची : हो. आणि हा माझा पहिलाच सिनेमा आहे रे. नोकरीतल्या सगळ्या सुट्ट्या यात घातल्यात.

मामा : बोललीस ते बरं झालं. मलाही कालपासून तीच धास्ती आहे. रुसून बसलं की माणूस घाबरलेला दिसत नाही, म्हणून बसलो.

मामी : रुसा नाहीतर घाबरा, पण आधी उठा! सीटवरची चादर किती मळवलीत बघा. पांढरी आहे ती. व्हा तिकडे, झटकू दे मला.

मामा : उठलो बाई. कुठं उभा राहू, इथं?

मामी : राहा कुठंही. धूळ बघा किती…

भाची : मामी, थांब! हलू नकोस.

मामी : काय गं, पाल आहे का?

भाची : चादर तशीच धर. दिव्याचा उजेड तिच्यावर पडून मामाच्या तोंडावर येतोय. थोडी वर घे. एक पाऊल पुढे. बास, बास! मामा, खडूच्या खुणेवर ये.

मामा : आणि भुवया?

भाची : सोड त्या. घर कुठंय विचारत होतास ना? मामी उभी आहे ना, तिथं आहे तुझं घर. तिच्याकडे बघ.

मामा : हिच्याकडे काय, रोजच तर बघतो.

मामी : कधी?

भाची : भांडण घरी जाऊन करा. मामी, घट्ट धर, चादर फडफडली तर उजेड हलेल. घेते मी. अ‍ॅक्शन.

(मामा खुणेवर उभा राहून मामीकडे बघत राहतो.)

भाची : कट.

मामा : गेलं ना बोंबलत? ओळच विसरलो. “अजून तीच खिडकी” म्हणायचं होतं. परत घे, लगेच घे.

भाची : आकाश गेलं मामा. आणि परत नकोच. ये, बघ.

मामी : मी सोडू का गं? हातांना मुंग्या आल्यात.

भाची : सोड, सोड. तूही ये बघायला.

मामा : हा मी?

मामी : अहो, रडताय की काय यात?

मामा : नाही. तुझे हात थरथरत होते. वाटलं, आता सोडेल, मग सोडेल. तू सोडलीच नाहीस. तेवढंच बघत होतो.

मामी : वारा किती होता.

भाची : दिवा बंद करते. बॅटरी उद्याला पुरायला हवी.

मामा : उद्या माझं काही नाही ना?

भाची : सकाळपर्यंत नव्हतं. पण आता या माणसाला रस्त्याच्या कडेला सोडून कसं चालेल? दारापर्यंत न्यायला हवं. घरी गेल्यावर लिहिते.

मामा : म्हणजे… येऊ?

भाची : याच वेळेला या, दोघंही. आणि मामा, दाढी करू नकोस.