रथ मधल्या दारी

मंडळी, ऐका! पुढं जे कानावर पडेल त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसू देऊच नका! आजवर कुणाचा बसलेला नाही, म्हणून आख्यान काही थांबलेलं नाही.

आधी प्रश्न. लेकांची बापावर माया आहे. किती आहे? — पोतंभर! बरं. मग बाप एकटा का?

पुढं बसलेल्या शाळेच्या पोरांनो, उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. शेरभर दूध म्हटलं की झालं. कुणी विचारतं का, बाबा रे, तू उत्तरेकडचं शेरभर की दक्षिणेकडचं? ती अदिश राशी! पण रथाचा दोर ओढायचा, तर नुसता जोर सांगून भागत नाही. किती — आणि कुणीकडे? ती सदिश!

वाघझिऱ्याचे सुकदेव तात्या. रामाच्या रथाला मोगरी लावणारे. मोगरी म्हणजे चाकाखाली सारायचा लाकडी ठोकळा, तिनं रथ थांबतो. आता हात थरथरत, म्हणून मोगरी कोनाड्यात. घर तिठ्यावर, अगदी मधोमध. डाव्या गल्लीत थोरला भागवत, उजव्या गल्लीत धाकटा दगडू. नऊ वर्षं भावाभावांत बोलणं नाही — आणि बापाकडे गेलो तर तो दुसरा भेटेल, म्हणून तिकडं जाणंही नाही! थोरल्याकडून भाकरी यायची, धाकट्याकडून कालवण. शेजारीण उंबऱ्यावर ठेवून जायची. ताट भरलेलं हो! तात्या आपला पाट मांडत, समोर आणखी दोन मांडत. जेवत. मग ते दोन रिकामे पाट उचलून पुन्हा भिंतीला टेकवत. रोज! पोतंभर माया होती. पावलं मात्र कुणाचीच वळत नव्हती.

त्या साली रथ तिठ्यावर आला. भागवत म्हणे, "आधी माझ्या दारी!" दगडू महिनाभर टायफॉईडनं अंथरुणाला खिळून आदल्या दिवशीच उठलेला — तरी गुर्मी बघा! "हट्! माझ्या दारी!" गाव वैतागलं. सरपंचबाई म्हणाल्या, "मग ओढा तुम्हीच दोघं!" सगळ्यांनी दोर सोडले.

तीन मजली रथ आणि माणसं दोन! हलला का? हसू नका — हलला! चाकांना इतकं तेल पाजलं होतं, की मुंगी शिंकली तरी रथ पुढं! एक दोर डावीकडे, एक उजवीकडे. दोघांचा जोर तंतोतंत सारखा! मग रथ गेला कुठं? डावीकडे? नाही! उजवीकडे? छे! दोन जोर मिळून जो एक होतो, ते परिणामी बल — त्यानं रथ नेला मधून. थेट तात्यांच्या दारी!

तात्या उठले. कोनाड्यातली मोगरी काढली, चाकाखाली सारली. उंबऱ्यापासून हातभर अंतरावर रथ थांबला. दोन्ही लेक दोर धरून धापा टाकतायत. तात्यांचं देवाकडं लक्षच नाही! म्हणाले, "या रे... पाट मांडलेलेच आहेत."

मंडळी, माया किती, हे राहू द्या. घरी जाऊन एवढंच विचारा — आपला दोर कुणीकडे? कारण ज्या घरात...

काय गं पोरी? हात कशाला वर? बोल, मागच्यांना ऐकू जाऊ दे —

"बुवा, हे खोटंय! दगडू आदल्या दिवशी आजारातून उठलेला. दोघांचा जोर सारखा असेलच कसा? रथ भागवतच्या गल्लीत वळायला हवा होता. मधोमध आला, म्हणजे भागवतनं मुद्दामच दोर सैल धरला!"