पांढऱ्या पॅन्टीचा पाहुणा

मंडळी, ऐका! आज एकच प्रश्न. पांढरे कपडे घालून माणूस स्वच्छ होतो — की नुसता जपून बसायला लागतो?

हसू नका. माझं धोतरही पांढरंच आहे. पण मी कीर्तनकार, मला पर्याय नाही! तुम्हाला काय झालं?

तर मोरेश्वर नावाचा एक मुलगा. वय बत्तीस. सात मुली पाहून झालेल्या. सातही ठिकाणी नकार. आठवी मुलगी कोकणातली — शालिनी. फोटो पाहूनच गडी विरघळलेला! म्हणून घातलं काय? पांढरीशुभ्र पॅन्ट. कोकणात! जिथे तांबड्या मातीत पांढरी कोंबडीसुद्धा आठवडाभर पांढरी राहत नाही!

बरोबर मामा. मुलीचे वडील तात्या आगाशे दारात उभे. "या, या! बसा!"

बसणार कुठे? पाहुणे येणार म्हणून झोपाळ्याच्या कड्यांना तेल घातलेलं. पाहुणे येणार म्हणून खुर्चीला रंग दिलेला — अजून चिकट! सतरंजीवर तांबडी धूळ. केवढा हा मान! आणि सगळा पॅन्टीच्या मुळावर!

मामा सतरंजीवर ऐसपैस बसले. मोरेश्वर खांबाजवळ उभा. खांबालाही न टेकता!

"अहो, बसा ना."

"नको, बरा आहे मी."

पोहे आले. उभ्यानंच खाल्ले. तात्या आत जाऊन पुटपुटले, "आमच्या ओटीवर बसायची लाज वाटते याला! नाही जमायचं, सांगून टाकतो."

मंडळी, आठवा नकार उंबऱ्यापर्यंत आला होता! पण शालिनीनं दारातून पाहिलं — पाहुणा दोन चिमटीत पॅन्ट वर धरून उभा आहे, पाण्यात उतरायला निघालेल्या बगळ्यासारखा. ती म्हणाली, "तात्या, थांबा जरा. सरबत द्यायचं राहिलंय."

कोकमाचं सरबत घेऊन आली. पेला पुढे केला, आणि — भसकन्! उजव्या गुडघ्यावर!

"अगं, अगं!" मामा ओरडले. तात्यांनी डोळे मिटले. मोरेश्वरानं खाली पाहिलं. लालभडक डाग, ताटलीएवढा. त्यानं एक लांब श्वास सोडला —

आणि खाली बसला हो! मांडी घालून!

"पोहे वाढू अजून?" शालिनीनं विचारलं.

"वाढा की! मघाशी चवच कळली नाही."

तात्या मामांच्या कानाशी लागले, "मुलगा साधा आहे हो तुमचा!"

लग्न झालं. सरबत मुद्दाम सांडलं का, हे शालिनीवहिनी अजून कबूल करत नाहीत. डागही अजून गेलेला नाही. त्या पॅन्टीची पिशवी शिवलीय. आंबे आणायला उत्तम.

आता तुम्ही! बुडाखाली रुमाल पसरून बसलेत, ते मला इथून दिसतात. पंधरा मोजले! अहो, देवळाची फरशी आहे. देव तुम्हाला जवळ बोलावतोय आणि तुम्ही कपडे सांभाळताय?

काढा ते रुमाल. आणि बुक्का लावून घ्यायला पुढे या. काळा आहे, सदऱ्यावर सांडेल — मी मुद्दाम थोडा जास्तच आणलाय!